अनुभव धागा: ‘अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा’

अल्झायमर म्हटलं की आपण विसरण्याबद्दलच बोलतो. पण कामाची आखणी, क्रम लावणं, एक सोडून दुसरं धरणं यांच्याही चाचण्या असतात. तुमच्या माणसाची चाचणी चालू असताना शेजारी बसला असाल, तर काय पाहिलंत ते लिहा. गुण नाही सांगितलेत तरी चालेल.

सायली_ठाणे
बाबा बँकेतून निवृत्त. पहिल्या चाचणीत ३० पैकी २८! तारीख, वार, शंभरातून सात-सात वजा, सगळं बिनचूक. आम्ही पेढे आणायचेच बाकी होतो. घरी मात्र तेच वीजबिल दोनदा भरलं जायचं. दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रेल मेकिंग दिली, म्हणजे कागदावर विखुरलेले आकडे-अक्षरं क्रमाने रेघेने जोडायची चाचणी. १ ते २५ आकडे बाबांनी झरझर जोडले. मग एक आकडा, एक अक्षर असं आलटूनपालटून. १ वरून अ, अ वरून २, आणि तिथून पेन्सिल सरळ ३, ४, ५. "बाबा, अक्षर!" मी बोलून गेले. मला बाहेर बसवलं.

ओसरी
घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती. आईने गोल सुरेख काढला, आकडेही जागच्या जागी. काटे मात्र एक ११ वर, दुसरा १० वर. ‘दहा’ ऐकलं की हात दहाकडेच ओढला जातो; दहा मिनिटांसाठी काटा २ वर हवा, हा मधला विचार निसटतो, असं डॉक्टर म्हणाले. पुरणपोळीची कृती आई आजही तोंडपाठ सांगते. ओट्याशी उभी राहिली की कणीक मळून तयार, आणि डाळ अजून डब्यातच.

करवीरकर
आजी शाळेत गेलेली नाही. पेन्सिल दिल्यावर म्हणाली, "माझ्या बानं कधी धरली न्हाई." डॉक्टर शहाणे, कागद बाजूला ठेवला. मूठ, हाताची कड, तळवा असं टेबलावर ओळीने करायला लावलं. तिसऱ्या फेरीला नुसतीच मूठ, मूठ, मूठ. एका मिनिटात जनावरांची नावं सांगताना गाय, म्हैस, रेडा, शेरडू... आणि पुन्हा गाय.

पल्याड
न्यू जर्सी. इंग्रजी ‘एफ’पासून शब्द सांगायचे होते. आई मराठीची शिक्षिका: फणस, फराळ, फुलवात, फटफटी. एकही धरला नाही! दुभाषी मागून पुन्हा वेळ घेतली.

समुपदेशक
एकाच कागदावरून निदान होत नाही. शिक्षण, नैराश्य, थायरॉइड, बी-१२ हेही बघावं लागतं. आणि चष्मा, कानाचं यंत्र घरी विसरू नका हो.

ओसरी
सायली, मलाही बाहेर बसवलं होतं. दोनदा.