अजगराची वीण होते म्हणजे निगा उत्तमच आहे, असे मानायचे का?

विजापूर रस्ता (सोलापूर) – प्रश्न

माझ्याकडे बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या लहान अजगरांची एक जोडी असून तिची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदणी केलेली आहे. ज्यांच्याकडून ती घेतली, त्यांच्याकडे सगळी जनावरे रॅकमधल्या उथळ प्लास्टिकच्या खणांत असतात. खणात मादीला अंग सरळ ताणता येत नाही. खाली वर्तमानपत्राचा कागद आणि कोपऱ्यात पाण्याची वाटी, एवढाच संसार. मी याबद्दल विचारले, तेव्हा त्यांचे उत्तर असे होते की, त्यांच्या माद्या दरवर्षी अंडी घालतात, पिल्ले निघतात, आणि ज्या जनावराला त्रास आहे ते वीण करतच नाही. त्यामुळे निगा योग्य आहे हे आपोआप सिद्ध होते. मी मोठी काचपेटी करून घेतली आहे, लपायला दोन जागा आणि चढायला फांदी ठेवली आहे, परंतु माझ्या जोडीने अद्याप अंडी घातलेली नाहीत. मग त्यांची निगा माझ्यापेक्षा सरस समजायची का?

प्राणिशास्त्र_अध्यापक

त्यांच्या म्हणण्यात तथ्यांश आहे. मादीच्या अंगावर चरबी नसेल, तिला जंत झाले असतील किंवा तापमान सतत चुकत असेल, तर तिच्या पोटात अंडी धरत नाहीत. तेव्हा वीण झाली याचा अर्थ अन्न आणि उष्णता किमान पातळीच्या वर होती, एवढा निश्चित निघतो. त्यापलीकडे काही निघत नाही. १९७२ च्या दुष्काळातही आपल्या जिल्ह्यात पाळणे हलत होते, म्हणून ते वर्ष सुबत्तेचे होते असे कोणी म्हणत नाही.

त्यातून बॉल पायथन हा पुरावा म्हणून फारच सोयीचा प्राणी आहे. पोटभर उंदीर आणि हिवाळ्यात रात्रीचा थोडा गारवा मिळाला की बहुतेक जोड्या वीण करतात. मादी नराचे बीज कित्येक महिने शरीरात साठवूनही ठेवते. निसर्गात मात्र ती दरवर्षी अंडी घालतेच असे नाही, कारण अंड्यांना वेढा घालून बसल्यावर ती सुमारे दोन महिने सहसा काही खात नाही, आणि झालेली झीज भरून यायला बराच काळ जातो. म्हणून त्यांच्या बोलण्यातल्या ‘दरवर्षी’ या शब्दाने माझा विश्वास वाढण्याऐवजी शंकाच वाढते.

याच जातीत ‘स्पायडर’ नावाची एक रंगछटा आहे. या अजगरांचे डोके डळमळते, मान उलटी वळते, झेप चुकते. दोष त्या रंगाच्या जनुकालाच चिकटलेला आहे. तरीही माद्या अंडी घालतात, पिल्ले निघतात आणि विकलीही जातात. पैदास हाच निकष धरला, तर ही जनावरे पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होतील.

बार्शीचा_सर्पमित्र

आमच्याकडे उन्हाळ्यात ही गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. पकडलेली नागाची मादी बरणीत अंडी घालते, घोणस तर थेट जिवंत पिल्लेच देते, आणि फोटोखाली लोक सर्पमित्राच्या निगेचे कौतुक करतात. वास्तविक ती मादी पकडली तेव्हाच गाभण होती. बरणीत काही घडलेच असेल तर ते हाल. भारतीय साप घरात ठेवणे गुन्हा आहे, त्याला वन विभागाच्या माहितीने सोडायचे असते, हेही या निमित्ताने नोंदवतो.

माळरान_नान्नज

वरील दोन्ही उत्तरे बरोबर असली, तरी तराजू दुसऱ्या बाजूला फार झुकू नये. वीण न होणे हीसुद्धा माहिती असते. न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकार्गिलच्या संग्रहालयात हेन्री नावाचा तुआतारा (सरड्यासारखा दिसणारा तिथला सरपटणारा प्राणी) अनेक वर्षे माद्यांकडे फिरकत नव्हता, उलट त्यांच्या अंगावर जात असे. २००२ मध्ये त्याच्या शेपटीच्या मुळापाशी असलेली गाठ शस्त्रक्रियेने काढली, आणि २००९ मध्ये, सुमारे १११ व्या वर्षी, तो ११ पिल्लांचा बाप झाला. म्हणून वीण हा प्रशस्तिपत्रक म्हणून कुचकामी असला, तरी प्रौढ, धष्टपुष्ट जोडी वर्षानुवर्षे वीण करत नसेल तर तपासणी करावी असे मी म्हणेन. अर्थात आपली जोडी अजून लहान असेल, तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

विजापूर रस्ता (सोलापूर)

मनःपूर्वक आभार. मादी अजून वाढीच्या वयात आहे. मग वीण सोडून नेमके काय पाहावे?

प्राणिशास्त्र_अध्यापक

सर्वांत आधी कात पाहा. सोलापूरच्या कोरड्या हवेत, विशेषतः मार्च ते मे, ती तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरचा पापुद्रा मागे राहतो. ओलावा नीट असेल तर तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड, पायमोजा उलटावा तशी उतरते. टाकलेली कात उजेडात धरून दोन्ही डोळ्यांच्या गोल चकत्या तिच्यात आल्या आहेत का, हे तपासावे. मे महिन्यात आपल्याकडे हीटरपेक्षा खोली थंड ठेवण्याचीच चिंता अधिक असते, आणि भर दुपारी वीज गेली तर बंद काचपेटी पाहता पाहता तापते. त्या वेळी पेटीत थंड कोपरा उरतो का, हे थर्मामीटर ठेवून पाहा. वजनाची नोंद ठेवा. रात्री जनावर फांदीवर, उजव्या-डाव्या लपणींत फिरते का, हेही पाहा. उथळ खणात हे दिसण्याची सोयच नसते, म्हणून तिथला मालक फक्त अंडी मोजतो.

मादीचे वजन दीड किलोच्या पुढे जाऊन तिथे टिकेपर्यंत जोडी लावू नका. आणि पिल्ले झाली तर परिवेशवर त्यांचीही नोंद करावी लागते, तेव्हा ती कोणाला द्यायची हे नर-मादी एकत्र सोडण्यापूर्वीच ठरवा.