सोप्यात टीव्ही कुठं ठेवायचा? वडगावचं जुनं घर, चार भिंती, चार अडचणी

वडगावची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा वाटेल, पण आमच्याकडं त्यावरून रोज रात्रीच्या जेवणाला वाद चाललाय. जुना डबा टीव्ही एकदाचा बंद पडला. ह्यांना 55 इंची पाहिजे, मला 43 पुरे. आणि मुळात ठेवायचा कुठं हेच ठरेना.

घर बेळगावातल्या वडगावात, कौलारू, ओळीतलं. उत्तर-दक्षिणेच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. सोपा, म्हणजे रस्त्याकडची बसायची खोली, 11 फूट रुंद, 17 फूट लांब. पूर्वेला रस्ता. तिकडच्या भिंतीत उत्तरेच्या टोकाला दार, मग खिडकी, आणि खिडकीपासून दक्षिणेच्या कोपऱ्यापर्यंत साडेतीन फुटांचा मोकळा तुकडा. समोर पश्चिमेच्या भिंतीत मधोमध माजघराचं दार.

आता एकेक भिंत बघा. उत्तरेची सगळ्यात मोकळी, तिला टेकून फक्त दिवाण आहे. पण पलीकडं शेजाऱ्यांचे पॉवरलूम. माग सुरू झाले की आमचं कॅलेंडर खिळ्यावर हलत राहतं. दक्षिणेला माडीवर जायचा लाकडी जिना, त्याच्या शेजारी देवळी आणि मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, फोटो. फोटो तिथून हलवायचा विषय निघाला की आत्या (सासूबाई) उठून आत जातात, म्हणून तो विषय मी काढत नाही. पश्चिमेला माजघराच्या दाराशेजारी जागा आहे आणि ह्यांचा सगळा डोळा तिथंच. हॉटेलात असतो तसा वर टांगायचा म्हणे. पण त्या जागी आमचा गणपती बसतो, मामांच्या आजोबांपासून. दरवर्षी श्रावण संपला की टीव्ही उतरवायचा का? शिवाय सकाळी रस्त्याकडचं दार उघडं असतं, त्याचा सगळा उजेड थेट त्याच भिंतीवर येतो.

राहिला पूर्वेचा कोपरा. खिडकीला लागून टीव्ही ठेवतात का कुणी?

जास्त बघणाऱ्या आत्याच. खाली चटईवर, मधल्या खांबाला पाठ लावून बसतात, तोंड रस्त्याकडं. खांबापासून रस्त्याकडची भिंत 9 फूट. त्यांना विचारलं तर म्हणतात, "कुठंबी ठेवा की, मी काय बघतो!" आणि सात वाजले की शेजारणीनं हाक मारली तरी ओ देत नाहीत.

खानापूरचा_वायरमन

वहिनी, मागाची भिंत सोडूनच द्या. तुमच्या त्या भागातल्या जुन्या भिंती दगड आणि पांढऱ्या मातीच्या. ड्रिल लावलं की आधी नुसती माती येते, मग मधेच दगड लागतो आणि बिट सरकतं. भोक हवं तिथं पडत नाही, पडलं तर भगदाड पडतं. स्क्रूसाठी भोकात ठोकतात ती साधी गिट्टी त्यात धरत नाही. धरलीच तर मागाच्या हादऱ्यानं स्क्रू हळूहळू सैल होणार. 43 इंची हल्ली आठ-दहा किलोचा येतो, 55 इंची चौदा-पंधराच्या पुढं, वर ब्रॅकेटचं वजन वेगळं. आणि ते पुढं ओढायचं, वळवायचं ब्रॅकेट मातीच्या भिंतीला कधीच लावू नये. टीव्ही बाहेर ओढला की सगळा जोर वरच्या स्क्रूंवर येतो.

माझं ऐकाल तर टांगूच नका, टेबलावर ठेवा. टांगायचाच हट्ट असला तर आधी 18 एमएमची प्लायची फळी लावायची, चार नव्हे, आठ-दहा ठिकाणी लांब स्क्रूनं, जिथं दगड लागेल तिथं, आणि ब्रॅकेट त्या फळीवर. खर्च होतो, भिंत खराब होते ती वेगळीच.

पूर्वेचा कोपरा मला पसंत आहे. कारण ऐका. आपल्याकडून डिश आग्नेयेकडं तोंड करून बसते, उपग्रह तिकडं आहेत. फ्री डिशवाला 93.5 अंश पूर्व रेखांशावर. म्हणजे तुमची डिश बहुतेक रस्त्याकडच्या अंगालाच असणार. केबल तिथंच खाली उतरवायची. पश्चिमेच्या भिंतीवर नेलं तर अख्ख्या सोप्यातून वायर झाकायची केसिंग पट्टी मारत जावं लागेल आणि ती कौलाखालच्या वाशांवरून कशीबशी जाणार. दुसरं, पावसाळ्यात झड पश्चिमेकडून येते. पूर्वेची भिंत त्यातल्या त्यात कोरडी राहते.

दोन गोष्टी विसरू नका. जुन्या घरात प्लगला बऱ्याचदा अर्थिंगच नसतं, तर आधी बोर्डापासून अर्थिंगसकट नवी लाइन ओढून घ्या. आणि वळवाचा पाऊस गडगडायला लागला की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढायचा आणि डिशची केबलही मागून काढायची. एप्रिल-मेमध्ये माझा निम्मा धंदा ही केबल न काढणाऱ्यांवर चालतो.

एक विचारायचं राहिलं. खिडकीच्या झडपा आत उघडतात का? उघडत असतील तर टीव्हीला आपटतील.

अनगोळकर_सध्या_पुण्यात

ताई, हिशेब करून देतो, म्हणजे 43 की 55 हा वाद टेपनंच मिटेल.

साडेतीन फूट म्हणजे 107 सेंटिमीटर. 43 इंची टीव्हीची रुंदी 95 सेंटिमीटर, 50 ची 111, 55 ची 122. कोपऱ्यात फक्त 43 बसतो. दादांना सांगा, वाद माझ्याशी नाही, भिंतीशी घाला.

अंतराचं म्हणाल तर सिनेमावाले पडद्याच्या कर्णाची (43, 55 इंच म्हणतात तो कर्णच) 1.6 पट धरतात, म्हणजे पडदा नजरेत साधारण 30 अंश भरतो. त्या हिशेबानं 43 ला पावणेसहा फूट, 55 ला सव्वासात. आत्या 9 फुटांवर. खरं सांगायचं तर तेवढ्या लांबून 43 थोडा लहान वाटेल आणि दादांच्या म्हणण्यात तेवढं तथ्य आहे. मालिकेला काही अडत नाही, चेहरे दिसतात. बातम्यांच्या खाली पळणारी बारीक अक्षरं मात्र दिसायची नाहीत. चटई दोन फूट पुढं घेतली तर तोही प्रश्न सुटेल, पण खांब पुढं येणार नाही हे मलाही कळतं.

उंचीचं बघा. खाली बसलेल्या माणसाचे डोळे अडीच फुटांच्या आसपास, दिवाणावर बसलेल्याचे साडेतीन. पडद्याचा मध्य 3 फुटांवर आला तर दोघांचं जमतं. 43 ची उंची 54 सेंटिमीटर, म्हणजे पडद्याची खालची कड जमिनीपासून 2 फुटांवर पाहिजे. हॉटेलातला वर असतो कारण तिथं उभ्यानं, डोक्यांवरून बघायचं असतं.

घ्यायच्या आधी दोन गोष्टी करून बघा, फुकट आहेत. वर्तमानपत्राचे कागद चिकटवून 95 बाय 54 चा चौकोन करा आणि त्या जागी लावून ठेवा. आणि तिथंच एक आरसा धरायला लावून तुम्ही आत्यांच्या जागी बसा. आरशात जो उजेड दिसेल तोच उद्या पडद्यावर चमकणार. सकाळी, दुपारी, आणि सात वाजता दिवा लावून, असं तीनदा बघा.

दिवाण उत्तरेला, म्हणजे तिथून टीव्ही तिरका दिसणार. दुकानात गेलात की समोर उभं न राहता बाजूला चालत जा. काही पॅनेलचा रंग बाजूनं फिका पडतो, ते व्हीए प्रकारचे. आयपीएस प्रकारचं बाजूनं बरं दिसतं, पण त्याचा काळा रंग रात्री थोडा राखाडी वाटतो. तुमच्या सोप्याला मी आयपीएस घेईन.

निपाणीची_काकू

अगं, आत्या कुठं बसतात ते लिहिलंस, का बसतात ते लिहिलं नाहीस. मी लिहिते. खांबाशी बसलं की रस्ता दिसतो. भाजीवाली आली की कळतं, कोण कुणाकडं गेलं तेही कळतं, आणि मागं माजघरात तू भांडं पाडलंस तर तेही ऐकू येतं. तिथून त्यांना उठवून पश्चिमेच्या भिंतीकडं तोंड करायला लावलंस तर पाठ रस्त्याकडं होणार. चार दिवस बसतील, पाचव्या दिवशी "डोळे दुखतात" म्हणून टीव्हीच सोडतील, आणि मग दिवसभर त्यांचं लक्ष तुझ्यावर. बघ बाई!

खिडकीशेजारी टीव्ही म्हणजे त्यांना एका नजरेत दोन्ही. ठेव तिथं. आणि गणपतीची जागा अजिबात हलवू नको, ह्यांना सांग काकूनं सांगितलंय म्हणून.

आग्नेय_कोपरा

पूर्व-दक्षिण कोपरा म्हणजे आग्नेय, अग्नीची दिशा. विजेचं उपकरण तिथंच असावं असं वास्तुशास्त्र सांगतं. बाकी हिशेब तुमचा तुम्ही बघा.

वडगावची_सून

सगळ्यांचे आभार. आग्नेयवाल्या दादांचं उत्तर भावजींना वाचून दाखवलं, ते एकदम आमच्या बाजूला आले. डिश आणि वास्तू दोन्ही आग्नेयेला, आता कोण बोलणार!

वायरमनदादा, झडपा आतच उघडतात, पण भिंत दीड हात जाड आहे. झडप उघडली की भिंतीच्या जाडीतच बसते, बाहेर येत नाही.

आरसा धरून बघितला. सकाळी खिडकीचा उजेड शेजारून डोळ्यांत येतो, पण सकाळी आमच्याकडं बसायला वेळ कुणाला आहे? संध्याकाळी काहीच चमकत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला मात्र आरशात माजघराच्या कौलातली काच लख्ख दिसली. तिथं दाराला जुन्या इरकलीचा पडदा शिवून लावते, होऊन जाईल.

ह्यांनी 55 चा कागदसुद्धा लावून बघितला. कागद खिडकीवर गेला आणि झडप उघडायला हातच जाईना. त्यावर म्हणाले, "खिडकी बंद ठेवू." आत्या तोवर गप्प होत्या. म्हणाल्या, "खिडकी बंद करायची न्हाई." झालं, 43 ठरला.

आता टेबल करून घ्यायचं आहे. माडीवर मामांच्या वेळच्या फणसाच्या फळ्या पडून आहेत, त्या वापरू की प्लायचं घेऊ?

खानापूरचा_वायरमन

फणस असताना प्लाय कशाला? फक्त वाळवी लागलीय का ते टोचून बघा. उंची 22 इंच ठेवायला सांगा, टीव्हीचे पाय दोनेक इंच वर उचलतात. मागं पूर्ण फळी मारू नका, प्लग काढायला हात गेला पाहिजे. आणि टीव्हीच्या मागून एक पट्टा टेबलाला बांधा, घरात पोरं असतील तर नक्कीच.