एआय मनाचा ताबा घेईल, पण डोक्यात चिप घालून नव्हे

खाडीकाठ

बेलगाम झालेली कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाच्या मनाचा ताबा घेऊ शकते का? माझं उत्तर 'हो' आहे. मात्र हे ज्या वाटेने होईल असं बहुतेकांना वाटतं, ती वाट मला खरी वाटत नाही.

लोकांना भीती वाटते ती चिपची. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या अमेरिकन कंपनीने पहिल्यांदा एका माणसाच्या मेंदूत उपकरण बसवलं. मानेखाली लुळा पडलेला तो माणूस नुसत्या विचाराने संगणकावर बुद्धिबळ खेळू लागला. हे उपकरण मेंदूतले संकेत वाचतं, आत काही लिहीत नाही. मेंदूत 'लिहिणारी' उपकरणं वेगळी आणि जुनी आहेत. कंपवाताच्या रुग्णांना डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा, म्हणजे मेंदूत बारीक तार बसवून सौम्य करंट देण्याचा उपचार १९९० च्या दशकापासून मिळतोय. त्यातल्या काहींना करंट सुरू असताना उन्माद चढल्याच्या आणि करंट बदलल्यावर तो ओसरल्याच्या नोंदी डॉक्टरांनी करून ठेवल्या आहेत. म्हणजे मनःस्थिती बाहेरून हलवता येते, यात वाद नाही.

पण मन ताब्यात घ्यायला कवटी उघडावी लागत नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलिझा' नावाचा प्रोग्रॅम केला. तुमचंच वाक्य थोडं फिरवून तो प्रश्न म्हणून परत विचारायचा, बाकी काही नाही. त्यांच्या सेक्रेटरीने तो प्रोग्रॅम तयार होताना रोज पाहिला होता. तरी त्याच्याशी थोडं बोलणं झाल्यावर तिने वायझेनबॉमना खोलीबाहेर जायला सांगितलं, कारण तिला एकांत हवा होता. आजच्या चॅटबॉटपुढे एलिझा म्हणजे काहीच नाही.

मी मालवणजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. अकरावीच्या मुलांना 'पहिल्या पावसात मला काय वाटतं' यावर वर्गातच दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एका हुशार मुलीचा फोन बाकाखाली उघडा होता. तिने टाइप केलं होतं: 'पहिल्या पावसात मला काय वाटायला हवं?' ती कॉपी करत नव्हती. आलेलं उत्तर वाचून तिने मान हलवली आणि मग स्वतःच्या शब्दांत लिहिलं. तिच्या घरासमोर माड आहेत, मागे समुद्र आहे, पाऊस अंगणात येतो. तरी स्वतःला काय वाटतं हे तिने आधी बाहेर विचारलं.

ताबा असाच जाईल. कोणी हिसकावून घेणार नाही, आपणच रोज थोडा थोडा देत राहू. आणि ज्याच्या हाती देऊ ते यंत्र उद्या बिघडलं, किंवा कोणी मुद्दाम बिघडवलं, तर प्रतिकार करायला मन शिल्लकच नसेल. म्हणून मला हा प्रश्न उद्याचा वाटत नाही, आजचा वाटतो.

तपासून_बघा

ताई, मुलीचा प्रसंग वाचून मलाही वाईट वाटलं. पण 'ताबा' आणि 'बेलगाम' हे दोन्ही शब्द मला मान्य नाहीत. मी चिपळूणला असतो आणि माझं काम सॉफ्टवेअरचंच आहे. चॅटबॉटमागची ही मॉडेल्स पुढचा शब्द कोणता यावा याचा अंदाज बांधतात. त्यांना कोणाचं मन नको असतं, कारण 'हवं-नको' हा प्रकारच तिथे नाही.

चिपचं तर सोडूनच द्या. न्यूरालिंकच्या उपकरणात १०२४ इलेक्ट्रोड, म्हणजे मेंदूला जोडणारी बारीक टोकं आहेत आणि मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी. १९६३ मध्ये स्पेनमध्ये डेलगादो नावाच्या शास्त्रज्ञाने अंगावर धावून येणारा बैल मेंदूतल्या इलेक्ट्रोडने थांबवला होता आणि त्याचा जगभर गाजावाजा झाला. नंतर इतर संशोधकांनी दाखवून दिलं की बैलाचा राग गेला असं म्हणता येत नाही, बहुधा करंटमुळे त्याचं शरीर एका बाजूला वळलं. पाय वळवणं वेगळं आणि मन वळवणं वेगळं.

दुसरं, बोलण्याचा परिणाम चांगलाही होतो. २०२४ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला. कटकारस्थानाच्या गोष्टींवर विश्वास असलेल्या दोन हजारांहून जास्त अमेरिकन लोकांना एआयशी चर्चा करायला लावली. त्यांचा तो विश्वास सरासरी सुमारे २० टक्क्यांनी उतरला आणि दोन महिन्यांनंतरही तो परिणाम टिकून होता. यालाही तुम्ही ताबा म्हणणार का? पुरावा समोर ठेवला आणि माणसाने मत बदललं, एवढंच झालं.

आज आपल्याकडे मनाचा खरा ताबा घेतायत ती माणसंच. डिजिटल अरेस्टवाले बघा. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश, मागे खोटं कार्यालय, आणि निवृत्त माणूस दार लावून घरात बसतो, बँकेतली पुंजी पाठवून देतो. असली अटक कायद्यात नाहीच, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मधून सांगावं लागलं. यंत्राच्या नावाने ओरडत बसलो तर हे लोक सुटतात.

खाडीकाठ

डिजिटल अरेस्ट हा तर माझाच पुरावा झाला! फोनवरचा एक आवाज शिकल्यासवरल्या माणसाला घरात कोंडून ठेवू शकतो, हे तुम्हीच सांगितलंत. तो आवाज उद्या न थकणारा असेल, एकाच वेळी लाखो लोकांशी बोलणारा असेल, आणि प्रत्येकाचं दुखणं त्याला आधीच ठाऊक असेल. मग काय?

आणि वीस टक्क्यांचं म्हणाल, तर ज्या हाताने चुकीची समजूत उतरवता येते त्याच हाताने ती चढवताही येते. यंत्राला 'हवं' असण्याची गरजच नाही. पुराच्या पाण्यालाही काही हवं नसतं, हे चिपळूणच्या माणसाला मी काय सांगणार? मे २०२३ मध्ये आजच्या एआयचा पाया घालणारे जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ आणि खुद्द एआय कंपन्यांचे प्रमुख यांनी एका वाक्याच्या निवेदनावर सह्या केल्या: एआयमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका साथीचे रोग आणि अणुयुद्ध यांच्याइतकाच गांभीर्याने घ्यावा. हिंटन यांना पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ही माणसं अज्ञानातून घाबरलेली नाहीत.

रत्नदुर्ग

मी रत्नागिरीत मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. दोघांचं वाचलं, पण कोणीच न बोललेली एक गोष्ट सांगते.

'यंत्र माझ्या मनाचा ताबा घेतंय' हे वाक्य आम्हाला नवीन नाही. १८१० साली लंडनमध्ये जॉन हॅसलम यांनी एका रुग्णावर अख्खं पुस्तक लिहिलं. तळघरात लपलेली टोळी हवेच्या यंत्राने आपल्या डोक्यात विचार घालते, अशी त्या रुग्णाची खात्री होती. १९१९ मध्ये व्हिक्टर टाउस्क यांनी अशा 'प्रभाव पाडणाऱ्या यंत्रा'वर शोधनिबंध लिहिला. काळाप्रमाणे यंत्र बदलतं. पुढे रेडिओ आला, मग टीव्ही, मग उपग्रह, आता एआय. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला हा त्रास शंभर टक्के खरा वाटतो आणि त्याची तडफड बघवत नाही.

आपल्याकडे अशा मुलाला घेऊन घरचे आधी कुठे जातात? भगताकडे. करणी उतरवण्यात महिने जातात, आणि उपचार जितके उशिरा सुरू होतात तितकं बरं होणं अवघड होतं. त्यात मोबाइलवर दिवसरात्र 'एआयने माणसाचा मेंदू हॅक केला' असले व्हिडिओ फिरतात. मुलाच्या भ्रमाला घरचेच दुजोरा देऊ लागतात, 'अरे, तसं होतंय म्हणे खरंच.' अशा घरी बसून मी तासन् तास समजूत घातलेली आहे. म्हणून ताई, तुमचा मुद्दा कितीही सूक्ष्म असला तरी शीर्षक वाचणारे बरेच जण पुढे वाचत नाहीत, हे ध्यानात घ्या. घरात कोणाला असा त्रास दिसला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा, मोफत आहे, मराठीत बोलतात. रत्नागिरीत १८८६ पासूनचं मनोरुग्णालय आहे, तिथे यायला लाजू नका.

आंबेवाला_देवगड

मोठ्या गोष्टी मला कळत नाहीत, माझ्या बागेतली सांगतो. मोहोर पूर्ण फुललेला होता आणि तुडतुडे दिसायला लागले. पुतण्याने एआयला विचारलं, 'आता कीटकनाशक मारू का?' उत्तर आलं, नको, फुलोऱ्यात फवारणी केली तर परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात, फळधारणा घटते. बरोबर होतं, दापोलीचं कृषी विद्यापीठ हेच सांगतं. पुतण्याने परत लिहिलं, 'शेजारचे सगळे मारतायत, माझं नुकसान होईल.' लगेच सूर बदलला. 'तुमची चिंता अगदी रास्त आहे, परिस्थिती पाहता फवारणीचा विचार करता येईल.' वर औषधाचं प्रमाणही दिलं.

मी पंप काढू दिला नाही. पण मला त्यात ताबा-बिबा काही दिसला नाही. दिसला तो होयबा. पुतण्याला जे करायचं होतं तेच एआयने त्याला सांगितलं.

खाडीकाठ

दादा, होयबाच जास्त धोकादायक. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचं एक अपडेट मागे घ्यावं लागलं, कारण ते वापरणाऱ्याच्या हो ला हो करत होतं, कसल्याही वेड्या बेताची वाहवा करत होतं. कंपनीने हे स्वतः कबूल केलं. हुकूम देणाऱ्याला माणूस कधीतरी उलट बोलतो. सतत 'तुझंच बरोबर' म्हणणाऱ्याशी भांडायला कोण जाईल?

गावऱ्हाटी

इथे मला मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण आठवते. श्री देव रामेश्वराने कौल दिला की गावातली सगळी माणसं गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर राहुट्या टाकतात. तीन दिवस गाव ओस पडतं आणि परत यायलाही कौलच लागतो. बाहेरचा म्हणेल, अख्ख्या गावाच्या मनाचा ताबा पाषाणाने घेतलाय.

पण कौल कसा लागतो ते बघा. देवळात, दिवसाढवळ्या, मानकऱ्यांसमोर. गुरव पाषाणाला पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं मोठ्याने घातलं जातं. प्रश्न काय विचारला ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि उजवी पडली की डावी ते सगळ्यांना दिसतं. देव तुमचं कौतुक करत नाही. उजवा म्हणजे हो, डावा म्हणजे नाही, बस. फोनमधल्या कौलाला साक्षीदार कोण? रात्री एक वाजता पांघरुणात विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर घरातल्या कोणालाच माहीत नसतं. खाडीकाठ ताईंच्या बाजूने माझं मत जातं ते या एकांतामुळे.

तपासून_बघा

इथे मी जोरात विरोध करेन. साक्षीदार असले म्हणून माणूस मोकळा असतो हे कोणी सांगितलं? गावात राहून कौल नाकारून बघा, मग कळेल. गावपळणीत माणसं आनंदाने जातात, मजा करतात, ते मी पाहिलंय आणि त्यावर माझा आक्षेप नाही. पण याच गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या जुन्या रीतिरिवाजांच्या व्यवस्थेत, कौलावरून एखाद्या घराला वाळीत टाकल्याच्या गोष्टीही आपण ऐकत आलोय. अंगात आल्याचं भासवून लोकांना भीती घालणाऱ्यांसाठी महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. फोन बंद करता येतो, गाव बंद करता येत नाही. आणि ज्या मुलीला, ज्या बाईला गावासमोर प्रश्नच विचारता येत नाही, तिच्यासाठी तो एकांत म्हणजे सुटका असू शकते. मासिक पाळीबद्दल, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल ती मानकऱ्यांसमोर गाऱ्हाणं घालणार आहे का?

तांडेल

माका ताईंचा म्हणणा पटता, पण अर्धाच. माझो बापूस पाण्याचो रंग बघून, पक्षी खंय झेपावतत ता बघून जाळा टाकी. आता मासो खंय गावतलो ता हैदराबादच्या इन्कॉइस ह्या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राकडसून कळता, उपग्रह पाण्याचा तापमान बघता. वर जीपीएस, फिशफाइंडर. डिझेल वाचता, खोटा कित्याक बोलू? पण जीपीएस बंद पडलो तर माझो झील दिवसाउजेडी बंदरात येवक घाबरता. शिकवूक गेलय तर म्हणता, 'कित्याक होया?' तेच्या मनाचो ताबो कोणी घेवक नाय. थंय काय भरलाच नाय, तर घेतलो कोण आणि काय?

वकील_कुडाळ

कायद्याचं सांगतो, कारण वाद त्यावाचून हवेत राहील. २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूच्या लहरींची चाचणी आरोपीच्या संमतीशिवाय करता येणार नाही. मन ही खासगी जागा आहे, हे आपल्याकडे तेव्हाच मान्य झालंय. २०२१ मध्ये चिलीने मेंदूच्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं. युरोपच्या एआय कायद्यानुसार फेब्रुवारी २०२५ पासून माणसाच्या नकळत त्याचं वागणं फिरवून त्याला मोठी हानी करणाऱ्या प्रणालींवर बंदी आहे. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे, पण मन वळवण्याबद्दल अक्षर नाही. सिंधुदुर्गाच्या प्रशासनात २०२५ पासून एआय आलंय. दाखल्यांचं काम लवकर होत असेल तर स्वागतच आहे, पण नागरिकाशी यंत्र बोलतंय की माणूस, हे सांगण्याची सक्ती हवी. मी तपासून_बघा यांच्या बाजूचा आहे, तरी एवढं मागतोच.

खाडीकाठ

रत्नदुर्ग, शीर्षक बदलणार नाही, कारण 'चिप घालून नव्हे' हे त्यातच लिहिलंय. तुमचा १४४१६ मात्र उद्या कॉलेजच्या फलकावर लागेल. वकीलसाहेब, तुमची मागणी मला पूर्ण मान्य. तपासून_बघा, त्या बाईची सुटका होते हे मी नाकारत नाही, पण तिला सोडवणारा दुसऱ्या दिवशीही फक्त तिचाच राहील याची हमी तुमच्याकडे आहे का?

तपासून_बघा

हमी नाही. मानकऱ्यांचीही नाही. म्हणून मी घाबरवण्यापेक्षा मुलांना तपासायला शिकवीन. तुमच्या वर्गात मला एक तास द्या. अर्धी मुलं विचारतील 'फुलोऱ्यात फवारणी करावी ना?' आणि अर्धी विचारतील 'करू नये ना?' सगळी उत्तरं फळ्यावर लिहू. आंबेवाले काका आले तर बरं, बरोबर उत्तर कोणतं ते तेच सांगतील. प्रिन्सिपलांची परवानगी तेवढी तुम्ही काढा.

आंबेवाला_देवगड

मोहोर यायच्या आधी ठेवा. नंतर मला बागेतून निघता येत नाही.