आधी अंतर, मग वजन
आजोबा आणि काका दोघंही सैन्यात होते म्हणून माजी सैनिकांच्या मदतनिधीसाठी पाठीवर वजन घेऊन चालायचं, ही तुमची कल्पना आवडली. फक्त वजनाची घाई नको. नेदरलँड्समध्ये १९०९ पासून चार दिवसांची पदयात्रा होते, आता ती नायमेगन शहरात असते. तिथे गणवेशातले सैनिक रोज ४० किलोमीटर चालतात, तेही किमान १० किलो ओझं घेऊन. पण ते सरावलेले असतात हो! तुम्ही आधी रिकाम्या पाठीने अंतर वाढवा. प्रत्यक्ष चालण्याच्या दिवशी नवे बूट तर अजिबात नकोत. देणग्या थेट संस्थेच्याच खात्यात जाऊ द्यात, हिशेबाची कटकट उरत नाही. आणि पाठीवर दोघांची नावं, पलटण लिहा. वाटेत लोक आपणहून चौकशी करतात, खिशातही हात घालतात.