सड्यावरच्या डबक्यांसाठी संशोधन अनुदान: कुठे मागू, कसं लिहू?

कातळवाट

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या एका अनुदानित कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. पीएचडी होऊन दोन वर्षं झाली.

आमच्याकडे सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, कातळातल्या खळग्यांत पावसाळ्यात डबकी भरतात आणि ऑक्टोबरपर्यंत आटतात. त्यांत पोट वर करून, उलटे पोहणारे कोळंबीच्या जातकुळीतले जीव असतात, फेअरी श्रिम्प. डबकं आटलं की ते मरतात, पण त्यांची अंडी सुक्या मातीत पडून राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. आता सड्यांवर सुरुंग लावून, बाहेरून माती आणून हापूसच्या बागा उठताहेत. मला बघायचंय की बागेला लागून असलेल्या डबक्यांत हा जीव टिकतो का.

गेल्या वर्षी केंद्राच्या एका संस्थेकडे अकरा पानी प्रस्ताव पाठवला, ३८ लाखांचा, तीन वर्षांसाठी. सात महिन्यांनी एका ओळीत उत्तर आलं: शिफारस नाही. कारण नाही, काही नाही. प्राचार्य म्हणतात तोच पुन्हा पाठवा, नशीब असेल तर होईल. बायको म्हणते, मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्यावर पगारातले ४० हजार घातलेत तेवढे पुरेत.

प्रस्तावातली उद्दिष्टं अशी होती: सड्यांवरील जलीय जैवविविधतेचा अभ्यास करणे, पाण्याचे भौतिक-रासायनिक पृथक्करण करणे, संवर्धनासाठी उपाय सुचवणे. चुकलं कुठे? आणि आता कुठलं दार ठोठावू?

धोंडोपंत

तुमचा अर्ज जुन्या माहितीवर बेतलेला नाही ना, ते आधी बघा. एसईआरबी, म्हणजे संशोधनाला अनुदान देणारं केंद्राचं मंडळ, आता स्वतंत्र राहिलेलं नाही. २०२३ च्या कायद्याने एएनआरएफ (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) आलं आणि फेब्रुवारी २०२४ पासून सगळं त्यात गेलं. योजनांची नावंही बदलली. नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी तिथे वेगळी योजना आहे. वयाची आणि नोकरीच्या वर्षांची अट चालू जाहिरातीतच वाचा, कोणा सीनियरच्या तोंडून नको. बाकी जाणकार सांगतील.

शेवाळवाली

कातळवाट, मी ३१ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, काम शेवाळांवर. माझे पहिले तीन प्रस्ताव परत आले. नंतर काही वर्षं टेबलाच्या पलीकडे बसले, म्हणजे दुसऱ्यांचे प्रस्ताव वाचायला. पुणे-मुंबई गाडीत मांडीवर गठ्ठा घेऊन वाचायचे. कबूल करते, कर्जत येईपर्यंत अर्ध्यांचा निकाल मनात लागलेला असायचा. वाचायची पद्धत अशी: आधी सारांश, मग थेट खर्चाचं कोष्टक, आणि या दोघांत मेळ असेल तरच मधली पानं. माणूस खरोखर काय करणार आहे हे कोष्टकात कळतं. वर लिहिलेलं असतं "सखोल क्षेत्रीय सर्वेक्षण" आणि खाली प्रवासाला वर्षाला वीस हजार, उपकरणांना अठरा लाख. तुमच्या ३८ लाखांतही असंच काहीतरी असणार, पैज लावते.

उद्दिष्टांविषयी. "अभ्यास करणे" हे उद्दिष्ट नाही. तो तुमचा पगार आहे. गंमत म्हणजे खरं उद्दिष्ट तुम्ही इथे एका वाक्यात लिहून गेलात, बागेला लागून असलेल्या डबक्यांत हा जीव टिकतो का. प्रस्तावात ते नव्हतंच! अकरा पानांत लपवलंत आणि अनोळखी लोकांना फुकट सांगितलंत.

आता ते वाक्य जरा पिळा. टिकत नसेल तर का? मोहोरावर फवारण्या होतात साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा तुमची डबकी कोरडी असतात. म्हणजे औषध पाण्यात पडत नाही, अंडी निजलेली असतात त्या मातीवर पडतं. कल्टार, म्हणजे झाडाला मोहोर यावा म्हणून देतात ते औषध, मात्र पावसाळ्यातच, जुलै-ऑगस्टला, झाडाच्या बुंध्याशी मातीत घालतात, तेव्हा डबकी भरलेली. हे दोन वेगळे रस्ते आहेत. तिसरा रस्ता औषधाचा नाहीच, भरावाची माती वाहून येऊन डबकं गढूळ होतं किंवा उथळ होऊन लवकर आटतं. तीनही रस्ते लिहा, कुठला तपासणार ते सांगा, आणि कुठला तपासणार नाही तेही सांगा. परीक्षकाला "हे मी करणार नाही" असं लिहिणारा माणूस फार क्वचित भेटतो आणि फार आवडतो.

पद्धतीत नुसतं "नमुने गोळा केले जातील" नको. किती डबकी? बागेजवळची बारा आणि मोकळ्या सड्यावरची बारा म्हणालात तर बाराच का, आठ का नाहीत, ते लिहा. खोली आणि आकार जुळणारी डबकी जोडीने निवडा, नाहीतर फरक बागेमुळे की आकारामुळे असं कोणीही विचारेल. आणि सड्यांवरच्या बेडकांवर, बागा-भातशेतीच्या परिणामावर काम आधीच छापून आलेलं आहे. त्याचा उल्लेख नसेल आणि तो लेख लिहिणाराच परीक्षक निघाला तर? विषय लहान आहे, माणसं मोजकी आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं, पावसाळे मोजा. तुम्ही तीन वर्षं मागितलीत म्हणजे तीन पावसाळे मिळतात असं वाटतं. समजा मंजुरीचं पत्र सप्टेंबरात आलं. तो पावसाळा गेला. जाहिरात काढून, मुलाखती घेऊन माणूस नेमेपर्यंत जानेवारी उजाडतो. पुढचे दोन पावसाळे पूर्ण मिळतात. तिसऱ्यात तुम्ही नमुने गोळा करत असताना इकडे अंतिम अहवालाची पत्रं यायला लागतात. त्यातला एक पावसाळा उशिरा आला तर हातात काय? म्हणून सुक्या मातीचा प्रयोग हवा. मे महिन्यात दोन्ही प्रकारच्या डबक्यांतली माती उचला, प्रयोगशाळेत पाणी घाला, किती अंडी फुटतात ते मोजा. हा प्रयोग पावसावर अवलंबून नाही, स्वस्त आहे, आणि तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी जातो. वेळापत्रकात "पाऊस फसला तर" अशी एक ओळ टाकून हा तिथे लिहा.

पैशांचं. जेआरएफ, म्हणजे प्रकल्पावर पगारी संशोधक विद्यार्थी, मागितलीत असणार. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० आणि तिसऱ्या वर्षापासूनची एसआरएफ ४२,००० आहे. पहिली दोन वर्षं ८ लाख ८८ हजार, तिसरं ५ लाख ४ हजार, झाले १३ लाख ९२ हजार. घरभाडं वेगळं. शिवाय नेट किंवा गेट झालेला मुलगा राजापुरात तीन वर्षं राहील का, याचं खरं उत्तर स्वतःला द्या. माझ्याकडचे दोघे बँकेच्या परीक्षा पास होऊन गेले, एक तर ऐन जुलैत.

म्हणून तुमच्या जागी मी असते तर आत्ता मोठं मागितलंच नसतं. मुंबई विद्यापीठ कॉलेजातल्या शिक्षकांना लघुसंशोधनासाठी पैसे देतं. रक्कम लहान असते, पण पेट्रोल, काचसामान आणि एका एमएस्सीच्या मुलाचा खर्च निघतो. इंग्लंडच्या रफर्ड फाउंडेशनचं पहिलं लहान अनुदान व्यक्तीला मिळतं, अर्ज वर्षभर कधीही करता येतो, तीन संदर्भपत्रं लागतात. त्यांना नुसतं कुतूहल चालत नाही, संवर्धनाला काय उपयोग ते विचारतात. तुमच्याकडे ते आहे, बागायतदारांशी बोलणं हाच अर्धा प्रकल्प आहे. आयडिया वाइल्ड पैशांऐवजी उपकरणं देतं, जीपीएस, कॅमेरा वगैरे. राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगही बघून ठेवा. दोन पावसाळ्यांचे आकडे आणि एक छापील लेख हातात आला की मग दिल्लीला मोठं मागा. कोरी पाटी घेऊन ३८ लाख मागणाऱ्याला मीही "शिफारस नाही" लिहिलंय. कारण लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही याची आता लाज वाटते. तुम्ही संस्थेला पत्र टाकून परीक्षकांचे शेरे मागा. कधीकधी देतात.

कातळवाट

मॅडम, पैज जिंकलात. उपकरणांना १९ लाख होते. प्राचार्य म्हणाले होते, विभागाला चांगला मायक्रोस्कोप मिळेल, घाला. प्रवासाला वर्षाला २५ हजार.

कल्टार आणि फवारणीच्या वेळांचं मला माहीत होतं, घरची कलमं आहेत. पण डबकी आणि फवारणी असं शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलंच नाही.

दोन शंका. रफर्डचे पैसे आले तर कॉलेजच्या खात्यात घ्यायचे का? आणि ज्या सड्यांवर काम करतोय ते बहुतेक खाजगी आहेत. एका सातबाऱ्यावर तर चाळीसच्या वर नावं आहेत, निम्मी माणसं मुंबईत. परवानगी घ्यायची कोणाची?

खतावणी

सर, मी शास्त्रज्ञ नाही, २२ वर्षं कॉलेजच्या अकाउंट्सला आहे. मॅडमनी मंजुरीपर्यंतचं सांगितलं, मी मंजुरीनंतरचं सांगतो, कारण रडारड तिथे सुरू होते.

परदेशी पैसा संस्थेच्या खात्यात घ्यायचा असेल तर संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीपासून तो पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच उतरतो, आणि तिथून दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. त्यामुळे "ओळखीच्या ट्रस्टमधून घेऊ" हा सल्ला कोणी दिला तर हात जोडा. स्वतःच्या नावावर घ्यायचा तर आधी सीएला विचारा, लेखी.

सरकारी अनुदानासाठी कॉलेज यूजीसीच्या २(फ) आणि १२(ब) या मान्यता-कलमांच्या यादीत आहे का ते ऑफिसात विचारून घ्या. असलं तर पत्राची प्रत प्रस्तावाबरोबर जोडून मोकळे व्हा.

पैसा हेडप्रमाणे येतो. प्रवास, कन्झ्युमेबल (वापरून संपणारं सामान), कंटिन्जन्सी (किरकोळ खर्च), उपकरणं. एका हेडचा दुसरीकडे वळवायचा तर आधी परवानगी. आमच्याकडे एका सरांनी डीप फ्रीझर कन्झ्युमेबलमधून घेतला. ऑडिटला ते निघालं, सरांनी पगारातून भरले. फ्रीझर अजून विभागात आहे, त्यात मुलं पाण्याच्या बाटल्या ठेवतात. खात्यावर व्याज जमा झालं तर तेही सरकारला परत करायचं असतं, ते आपलं नव्हे. युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-अ या नमुन्यात, बरोबर खर्चाचा तक्ता. ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही, आणि प्रकल्प रखडतात ते नव्वद टक्के इथे (हा माझा अंदाज, सरकारी आकडा नाही).

तुमच्यासाठी खास: सड्यावर जाताना रोजची नोंद ठेवा, तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, कशासाठी. पेट्रोलची पावती उन्हात महिनाभरात पांढरी होते, आणली की त्याच दिवशी झेरॉक्स. आणि ओव्हरहेडचा, म्हणजे संस्थेच्या वरखर्चाचा, पैसा संस्थेला मिळतो हे प्राचार्यांना पहिल्याच दिवशी सांगा. सह्या भराभर होतात.

शेवाळवाली

खतावणींचं म्हणणं छापून विभागाच्या भिंतीवर लावा.

परवानगीचं: चाळीस जणांच्या मागे धावू नका. जो प्रत्यक्ष कसतो किंवा राखतो त्याचं पत्र घ्या, ग्रामपंचायतीचं घ्या, आणि गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर तिचंही. वनखात्याची हद्द लागली तर मात्र वनखात्याची परवानगी, तिथे हलगर्जीपणा नको. ही पत्रं प्रस्तावाला जोडली की परीक्षकाला कळतं, हा माणूस सड्यावर खरंच जातो.

कातळवाट

सारांशाची सुरुवात नव्याने लिहिलीय, बघा:

"राजापूर तालुक्यातील कातळसड्यांवर आंब्याच्या बागा झपाट्याने वाढत आहेत. पावसाळी डबक्यांतील फेअरी श्रिम्पची अंडी आठ महिने सुक्या मातीत असतात आणि मोहोरावरील फवारण्या याच काळात होतात. बागेलगतच्या डबक्यांतील मातीत अंडी फुटण्याचे प्रमाण मोकळ्या सड्यावरील डबक्यांपेक्षा कमी आहे का, हे बारा जोड्यांवर दोन पावसाळे तपासण्याचा हा प्रस्ताव आहे. अशा प्रकारचा हा अभूतपूर्व अभ्यास असेल."

शेवाळवाली

शेवटचं वाक्य उडवा. बाकी असू दे. "झपाट्याने" च्या जागी आकडा हवा. जुनी आणि नवी उपग्रहचित्रं शेजारी ठेवून तुमच्याच दोन-तीन सड्यांवरचं क्षेत्र मोजा, एका रविवारचं काम आहे.

आणि पैसे मिळोत न मिळोत, मृग लागायच्या आत जाऊन चोवीस डबक्यांतली माती उचलून आणा. प्लॅस्टिकच्या नव्हे, कागदी पिशव्यांत, नाहीतर बुरशी येते. वर नाव पेन्सिलीने, पेनाची शाई उडते. आज किती तारीख झाली बघा, फार दिवस नाहीत.

कातळवाट

शनिवारी निघतो. कागदी पिशव्या चिकटवायला बायको बसलीय.