मदत हवी आहे: भाचीसाठी कॉम्प्युटर कोर्स, सोलापूर (अर्जंट)

यंत्रमाग_मामा
भाचीला कॉम्प्युटर लाइनला लावायचंय. सोलापुरात चांगला क्लास सांगा. एक क्लासवाला फुल स्टॅकचे (म्हणजे वेबसाइट पूर्ण बनवायला शिकवतात तो कोर्स) ८५ हजार मागतोय, नोकरीची गॅरंटी म्हणतो, उद्यापर्यंत भरले तर सूट. घालू का? पुण्याला पाठवणार नाही, त्यावर चर्चा नको. लवकर सांगा.

अनघा_जुळे_सोलापूर
शिक्षण किती झालंय तिचं? दहावी, बारावी, पदवी? नुसत्या फीवरून काय सांगणार?

निवृत्त_मास्तर
आधी एमएस-सीआयटी करून घ्या. २००१ पासून चालू आहे, सरकारी नोकरीत विचारतात. जोडीला मराठी ३०, इंग्रजी ४० टायपिंग. मुलीच्या जातीला ऑफिसचं काम बरं, रात्रपाळीची कटकट नाही.

कोडकर_हिंजवडी
मास्तर, त्यांनी फुल स्टॅकचं विचारलंय, क्लार्कचं नाही. आणि 'मुलीच्या जातीला' म्हणजे काय? आमची टीम लीड बार्शीची आहे. रात्री दोनला सर्व्हर झोपला की पहिला फोन तिलाच जातो.

निवृत्त_मास्तर
तुमच्या हिंजवडीत किती जणांना नारळ दिला तेही लिहा की.

यंत्रमाग_मामा
भांडण नंतर करा ओ. बारावी झालीय. पोरगी हुशार आहे.

अनघा_जुळे_सोलापूर
बारावी कशातून? मार्क किती? घरी लॅपटॉप आहे का? एकदाच सगळं लिहा ना.

सातरस्ता_एक्सप्रेस
पुण्याला का नको? सकाळी हुतात्मा पकडली की जेवायच्या आत पुण्यात. माझी चुलत बहीण कर्वेनगरला हॉस्टेलला होती, काही झालं नाही.

यंत्रमाग_मामा
@सातरस्ता वर काय लिहिलंय वाचा.
सायन्स, ५८ टक्के. सीईटीला मार्क पडले नाहीत म्हणून घरीच आहे. लॅपटॉप नाही, कारखान्यातला पीसी वापरते. टॉवेलचा सगळा हिशोब एक्सेलमध्ये तीच बघते. पार्टीची उधारी ४५ दिवसांच्या वर गेली की ती ओळ आपोआप लाल होते. यूट्यूब बघून केलं म्हणाली.

कोडकर_हिंजवडी
अहो, हे आधी सांगायचं! कुणी न शिकवता कंडिशनल फॉरमॅटिंग लावणारी पोरगी आहे, तिला 'कॉम्प्युटर लाइनला लावायचं' काय राहिलंय? ८५ हजारांचा नाद सोडा. त्याच्या निम्म्यात चांगला लॅपटॉप येतो. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल म्हणजे व्हिडिओ धडे फुकट आहेत, बरेच मराठीतही. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा धरा. पुढच्या महिन्यात तिनं त्याच उधारीच्या यादीवरून पार्टीला स्मरणाचा मेल पाठवणारा प्रोग्राम लिहिला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

अनघा_जुळे_सोलापूर
लॅपटॉप द्याच, पण हातात कागद नसेल तर कंपन्या दारात उभं करत नाहीत. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. कॉम्प्युटर किंवा आयटी घेऊ दे. सोलापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, पुण्याचा प्रश्नच नाही. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगला परत थेट दुसरं वर्ष, तिथे सीईटी लागत नाही. डिप्लोमाचा अर्ज तंत्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर, फेऱ्यांच्या तारखाही तिथेच.
फीचं म्हणाल तर ८ जुलै २०२४ चा जीआर वाचा: ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुली, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, प्रवेश कॅपमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून), तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलंत तर नाही. एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) मुलींसाठी प्रगती शिष्यवृत्तीही आहे, वर्षाला ५० हजार, पण त्यात निवड व्हावी लागते. उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका, सेतूत किती लायनी असतात माहितीय ना.

कोडकर_हिंजवडी
कागदाचा मुद्दा अर्धाच पटतो. आम्ही मुलाखतीत आधी कोड बघतो.

अनघा_जुळे_सोलापूर
मुलाखतीपर्यंत पोचायला आधी अर्ज चाळणीतून जावा लागतो, साहेब.

पुणेकर_सून
मामा, टॉवेल होलसेलमध्ये देता का? लग्नाच्या आहेराला शंभरेक नग हवेत. शेंगाचटणीही पाठवलीत तर उत्तम.

यंत्रमाग_मामा
@पुणेकर_सून व्यनि (खासगी निरोप) करतो.
@अनघा डिप्लोमाचं भाचीला दाखवलं. म्हणाली, मला हे माहीत होतं, तुम्ही विचारलंच नाही. आता एकच अडचण. क्लासवाल्याला परवा ५ हजार बुकिंगचे दिलेत. परत मिळतील का?

अनघा_जुळे_सोलापूर
हे आत्ता सांगताय! पावती घेतलीत का?

निवृत्त_मास्तर
आणि पावतीच्या मागचं बारीक अक्षर वाचलंत का?