डाउझिंगच्या सळ्या आपोआप फिरतात की मीच त्या फिरवते?

नवशिकी
गेले तीन महिने मी छंद म्हणून डाउझिंग, म्हणजे हातातल्या सळ्यांच्या हालचालीवरून जमिनीखालचे पाणी शोधणे, करून पाहते आहे. पाणाड्या काठीच्या साहाय्याने जमिनीखालचे पाणी शोधतो एवढेच पूर्वी ऐकले होते; ते आपल्यालाही करून पाहता येईल असे कधी वाटले नव्हते. तांब्याच्या जाड तारेचे दोन तुकडे काटकोनात वाकवून, मुठीच्या भागावर पेनाच्या रिकाम्या नळ्या चढवून मी सळ्या तयार केल्या. पहिला प्रयोग घरामागच्या अंगणात केला. पाण्याचा पाइप जिथून जातो तिथे पोहोचताच दोन्ही सळ्या एकमेकींवर आल्या आणि अंगावर शहारा आला, कारण मी हात हलवले नव्हते. निदान तसे मला जाणवले तरी नव्हते.

त्यानंतर एका मोकळ्या, अनोळखी मैदानात हाच प्रयोग केला. तिथे तीन ठिकाणी सळ्या जुळल्या, म्हणून मी त्या जागी खडे ठेवले. विरुद्ध दिशेने चालत परत आले तेव्हा मात्र दोन खड्यांपाशी काहीच घडले नाही, तिसऱ्याच्या अलीकडे चार-पाच पावलांवर सळ्या फिरल्या, आणि जिथे आधी काहीच मिळाले नव्हते अशा एका नव्या जागीही त्या फिरल्या. माझी पकड चुकते आहे का, की अंगणात मला पाइपची जागा आधीच ठाऊक होती हेच त्या यशाचे कारण असावे? अनुभवी मंडळींनी स्पष्ट सांगावे, मला वाईट वाटणार नाही.

सळईवाला
पकडीबद्दल आधी सांगतो. मुठी घट्ट आवळू नका, कोपरे शरीराजवळ ठेवा आणि सळ्यांची टोके क्षितिजसमांतर पातळीच्या किंचित खाली झुकलेली असू द्या. टोके वर गेली की सळ्या कोणत्याही बाजूला कोसळतात, आणि नवशिक्यांना मिळणारे अर्धे संकेत त्यातूनच येतात. वारा असेल त्या दिवशी सराव करू नये. सळ्यांऐवजी काही जण बेचक्याची फांदी वापरतात, तिच्याकडे इतक्यात वळू नका. तळहात सोलवटून निघतात. मी हा छंद बरीच वर्षे जोपासला आहे आणि माझा अनुभव असा आहे की मन शांत असताना सळ्या जास्त खात्रीने बोलतात. याचे कारण मला सांगता येणार नाही, पण अनुभव नाकारताही येत नाही.

लंबकप्रेमी
सळईवाले यांनी सांगितलेल्या पकडीतच तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर दडलेले आहे. मूठ अगदी उभी असेल तर सळईची आडवी बाजू कुठेही थांबू शकते. मूठ एक-दोन अंशांनी आत कलली की सळई आत वळते. म्हणजे हे साधन आपल्या मनगटाची अतिसूक्ष्म हालचाल मोठी करून दाखवणारे आहे, आणि ती हालचाल आपल्याला जाणवत नाही यातच सगळी गंमत आहे. बेचक्याच्या फांदीतही हेच घडते, फक्त तिथे ताण देऊन वाकवलेल्या फांदीत साठलेली शक्ती मनगट जरासे वळताच एकदम मोकळी होते, त्यामुळे झटका फार जोरदार वाटतो.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी हे लंबकाच्या बाबतीत फार सुरेख दाखवले होते. पाऱ्यावर धरलेला त्यांचा लंबक झुलत असे आणि मध्ये काच ठेवली की थांबत असे. मग त्यांनी डोळे बांधून घेतले आणि काच केव्हा ठेवायची, केव्हा काढायची हे सहकाऱ्यावर सोपवले. त्याबरोबर पाऱ्याचा आणि काचेचा सगळा प्रभाव नाहीसा झाला. हे त्यांनी १८३३ मध्ये प्रसिद्ध केले. अपेक्षेमुळे नकळत होणाऱ्या अशा हालचालीला पुढे १८५२ मध्ये ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी ‘इडिओमोटर’ हे नाव दिले. तेव्हा तुम्ही लबाडी करत नव्हता, आणि सळ्याही आपोआप फिरत नव्हत्या.

भूजल_अभ्यासक
मैदानाविषयी थोडे लिहितो. जमिनीखाली पाण्याच्या अरुंद शिरा नळासारख्या वाहतात आणि त्यांच्या बाजूला कोरडी जमीन असते, अशी समजूत या छंदात सर्रास आढळते. काही चुनखडीच्या प्रदेशांत भूमिगत प्रवाह खरोखर असतात, परंतु बहुतेक ठिकाणी पाणी वाळूच्या कणांमधील पोकळ्यांत किंवा खडकाच्या भेगांत पसरलेले असते. त्यामुळे पुरेसे खोल खणले तर पुष्कळ ठिकाणी थोडेफार पाणी लागतेच, आणि सळईने दाखवलेल्या जागी पाणी लागले म्हणजे सळई खरी ठरली असे होत नाही. तिने न दाखवलेल्या शेजारच्या जागीही खणून पाहावे लागते, जे कोणीच करत नाही. शिवाय अनुभवी माणसाची नजर झाडे, उतार आणि ओल टिपत असते व तोच अंदाज हातात उतरू शकतो. पाण्याचे प्रमाण, खोली आणि गोडवा हे प्रश्न तर वेगळेच आहेत. विहिरीचा निर्णय घ्यायचा असेल तर खडकांची रचना आणि विद्युत रोधकतेची, म्हणजे जमीन विजेच्या प्रवाहाला किती विरोध करते याची, मोजणी पाहावी. छंद म्हणून सळ्या फिरवायला माझी काहीच हरकत नाही.

सळईवाला
आपले म्हणणे मान्य केले तरी जर्मनीत म्युनिकजवळ झालेल्या डाउझिंगच्या प्रयोगांचे काय? तिथे १९८७-८८ मध्ये सुमारे ५०० जणांमधून ४३ जण निवडून त्यांच्या ८४३ चाचण्या घेतल्या गेल्या, आणि त्यातल्या मोजक्या लोकांकडे खरे कौशल्य असल्याचा निष्कर्ष त्या शास्त्रज्ञांनीच काढला होता.

लंबकप्रेमी
प्रयोग चांगला होता, हे मीही म्हणेन. कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाडीवरून हलवायचा आणि वरच्या मजल्यावर १० मीटरच्या रेषेवर त्याची जागा ओळखायची, अशी ती मांडणी होती. मात्र १९९९ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा दिसले की ज्यांना उत्तम ठरवले होते त्यांचे यश त्यांच्याच इतर फेऱ्यांमध्ये टिकले नव्हते. शेकडो चाचण्यांत काही फेऱ्या चांगल्या निघणारच. नंतर तेवढ्याच वेचून घेतल्या की कौशल्य दिसू लागते. १९९० मध्ये जर्मनीतल्याच कासेल येथे सुमारे ३० जणांची चाचणी झाली, ५० सेंटिमीटर खोल पुरलेल्या पाइपमधून पाणी वाहते आहे की नाही एवढेच ओळखायचे होते, आणि निकाल नाणेफेकीसारखा लागला.

नवशिकीताई, तुम्ही वादात न पडता घरीच करून पाहा. दहा सारख्या पेट्या घ्या, एकीत पाण्याची बाटली ठेवायला दुसऱ्या कोणाला सांगा, पेटीचा क्रमांक चिठ्ठी काढून ठरवू द्या, आणि ठेवणारी व्यक्ती तुमच्या चाचणीच्या वेळी त्या खोलीत नसावी. तिच्या चेहऱ्यावरूनही आपल्याला नकळत कळते. एकूण फेऱ्या किती घेणार हे आधीच लिहून ठेवा. २० फेऱ्यांमध्ये निव्वळ अंदाजानेही सरासरी दोन उत्तरे बरोबर येतात आणि पाच किंवा अधिक येण्याची शक्यता सुमारे ४ टक्केच असते.

नवशिकी
सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे २० फेऱ्या पूर्ण केल्या. तीन बरोबर आल्या. सतराव्या फेरीनंतर ‘आज मन शांत नाही, बाकीच्या उद्या घेऊ’ असे वाटले होते, पण संख्या आधी लिहिलेली असल्यामुळे थांबता आले नाही.

वही चाळताना मात्र एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. बाटली पहिल्या पेटीत दोनदा आणि दहाव्या पेटीत तीनदा ठेवली गेली होती, परंतु माझ्या सळ्या या दोन टोकांच्या पेट्यांवर एकदाही जुळल्या नाहीत. जवळजवळ सगळी उत्तरे तिसऱ्या ते आठव्या पेटीदरम्यान आहेत. रांगेच्या सुरुवातीलाच उत्तर मिळेल असे मला वाटत नसावे आणि शेवटपर्यंत थांबण्याचा धीरही नसावा. सळ्या त्या पूर्ण वेळ मला आपोआपच फिरताना जाणवत होत्या, हे विशेष. येत्या रविवारी पेट्या रांगेत न मांडता गोलाकार मांडून आणखी २० फेऱ्या घेणार आहे, म्हणजे मी कुठून चालायला सुरुवात करते याचा उत्तरांवर परिणाम होतो का ते दिसेल. सळईवाले, आपणही तुमच्याकडे हीच मांडणी करून पाहिलीत तर दोन्ही वह्या ताडून पाहता येतील.